नवव्या ट्रेमधली झोपलेली सासू

लिहिणाऱ्यांना आत्यांविषयी फारसं काही ठाऊक नव्हतं, हे आधीच कबूल केलेलं बरं. ही गोष्ट घडली तोवर अकरा वर्षं दोघं एकाच काचघरात, एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसले होते. पण आत्यांचं माहेर कुठलं, त्यांना भावंडं किती, त्यांना गाणं आवडतं की नाही, यांतलं एकही लिहिणाऱ्यांना छातीठोकपणे सांगता आलं नसतं. अकरा वर्षांत त्यांच्यात जे काही बोलणं झालं त्याचं कुणी वजन केलं असतं, तर चौदा आणे नुसता ‘कडू’ हा शब्द भरला असता. उरलेल्या दोन आण्यांत ‘पाणी द्या’, ‘ऊन आलं’ आणि ‘पेन्सिलीला टोक करा, फराटे मारताय’.

लिहिणारे हे काही त्यांचं नाव नव्हे. आत्या चाखायच्या आणि हे लिहायचे, म्हणून आत्यांनी पहिल्याच दिवशी “अहो लिहिणारे” अशी हाक मारली आणि ती चिकटली. आत्याही त्यांच्या कुणी आत्या नव्हत्या. भाजीपाल्याच्या त्या संशोधन केंद्रात पूर्वी एक ड्रायव्हर होता, तो त्यांचा भाचा. त्याने आत्याला खुरपणीच्या कामावर लावलं आणि सहा महिन्यांत स्वतः नोकरी सोडून गेला. जाताना गाडीची किल्ली ठेवून गेला आणि ‘आत्या’ ही हाकही ठेवून गेला. तेव्हापासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून डॉक्टरबाईंपर्यंत सगळ्यांच्या त्या आत्या झाल्या.

डॉक्टरबाई म्हणजे नाडी बघणाऱ्या नव्हेत, काकडीतल्या डॉक्टर. काकडी मधूनच कडू का निघते, या एका प्रश्नापायी त्यांनी उमेदीची वर्षं घातली होती. तहानलेल्या वेलाची काकडी कडू निघते हे माळ्यालाही माहीत असतं. पण तो कडूपणा झाडाच्या आत तयार कोण करतं आणि त्याला तयार करायला सांगतं कोण, हे त्यांना हवं होतं. काकडीचं पान जवळजवळ नेहमीच कडू असतं. त्यामुळे हजारो रोपांत एखादं जरी रोप असं सापडलं की ज्याचं पान कडू नाही, तर त्या रोपात काय बिघडलंय ते शोधायचं. काय बिघडलंय ते कळलं की काय चालतं ते कळतं. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याची हीच रीत असते, आणि आत्यांचे यजमान घड्याळजीच होते, त्यामुळे आत्यांना हे फोड करून सांगावं लागलं नाही.

आत्यांची जीभ सापडली ती अशीच. खुरपता खुरपता त्यांना पान तोडून चघळायची खोड होती. एकदा डॉक्टरबाई वाफ्याजवळून जात असताना आत्या थुंकल्या आणि आपल्याशीच म्हणाल्या, “हे कालच्यापेक्षा जरा बरं.” डॉक्टरबाई जागच्या जागी थांबल्या. त्यांनी ते पान आणि शेजारचं पान दूरच्या प्रयोगशाळेत पाठवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं की पहिल्यात कडू द्रव्य दुसऱ्याच्या निम्मं आहे. दुसऱ्या दिवशी आत्यांचं खुरपं काढून घेतलं आणि त्यांना एक स्टूल दिलं. स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली घडी घातलेला पुठ्ठा. तो पुठ्ठा अकरा वर्षं कुणी बदलला नाही.

कामाची पद्धत ठरलेली होती. मसुराच्या डाळीएवढा पानाचा तुकडा चिमटीने तोडायचा, पुढच्या दातांनी चावायचा, जिभेच्या मागच्या अंगाला न्यायचा, मनात तीन आकडे मोजायचे, आणि मग रंगाच्या जुन्या डब्यात थुंकून “कडू” म्हणायचं. पाण्याचा एक घोट, कोरड्या ब्रेडचा एक घास, की पुढचं रोप. एका ट्रेमध्ये पन्नास रोपं. दाराकडच्या कोपऱ्यापासून मोजायला सुरुवात करायची, हा तिथला जुना नियम. लिहिणारे ट्रेचा आकडा, रोपाचा आकडा आणि पुढे ‘कडू’ असं लिहायचे. एके वर्षी डॉक्टरबाईंनी त्यांना सुचवलं की कडू हा शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा नुसती खूण करा. लिहिणाऱ्यांनी बरं म्हटलं आणि पूर्ण शब्दच लिहीत राहिले. खूण करणं त्यांना आत्यांच्या श्रमांचा अपमान वाटायचा. अर्थात हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लिहिणारे कुणाला काहीच सांगत नसत. बसमध्ये आपला थांबा आला तरी ‘थांबवा’ म्हणायचा त्यांना संकोच वाटायचा. दुसरं कुणी उतरेल तिथे उतरून ते मागे चालत यायचे.

या जिभेपायी आत्यांच्या घरात तिखटाला बंदी होती. सासूबाईंच्या वेळची मिरच्यांची बरणी घड्याळजींनी दुकानात नेली आणि भिंतीवरच्या बंद पडलेल्या मोठ्या घड्याळाच्या पोटात लपवली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते लंबकाचं दार उघडायचे. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, बिचारा किती वर्षं त्या एका घड्याळाशी झुंजतोय, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आत्यांना अर्थातच पहिल्या दिवशीच कळलं होतं. नवरा घरात शिरला की त्याच्या श्वासावरून त्या सांगायच्या, आज दोन खाल्ल्यात. पण बोलायच्या नाहीत. अळणी संसारात माणसाला एवढं तरी चोरून मिळावं, असं त्यांचं मत असावं. हे लिहिणाऱ्यांना कुठून कळलं म्हणाल, तर ते आपलं मनगटी घड्याळ घेऊन गेले होते आणि त्यांनी चुकून भलत्या घड्याळाचं दार उघडलं.

सासूची गोष्टही सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्याभोवतीच झाला. एका दुपारी डॉक्टरबाईंनी आत्यांना जनुकांची माहिती दिली. कडू द्रव्य एका दमात तयार होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. एक जनुक थोडं करतं, पुढचं आणखी थोडं, असा नऊ जनुकांचा हातभार लागतो. पण ही नऊ आपल्या मनाने कामाला लागत नाहीत. त्यांच्यावर एक दहावं असतं. ते स्वतः काहीच करत नाही, फक्त या नऊ जणांना उठवतं. आम्हाला ते दहावं हवंय.

आत्यांनी ब्रेडचा घास गिळला. “म्हणजे नऊ सुना आणि एक सासू,” त्या म्हणाल्या. “सासू चुलीजवळ फिरकत नाही, पण तिनं खाकरल्याशिवाय चूल पेटत नाही.”

डॉक्टरबाई म्हणाल्या की त्यांनी पंधरा वर्षांत याहून सोपं कुणाकडून ऐकलं नव्हतं.

“मग सासू झोपली की झालं,” आत्या म्हणाल्या. “सुनांचं काही बिघडलेलं नसतं. उठवायलाच कुणी नाही तर त्या कशाला मरतायत उठायला.”

तेव्हापासून केंद्रात सगळे ‘झोपलेली सासू’ शोधायला लागले. त्या वर्षीच्या अहवालात डॉक्टरबाईंनी घाईत ‘आठ हजार रोपांची तपासणी झाली, अद्याप सासू आढळली नाही’ असं लिहून पाठवलं आणि वरच्या कचेरीतून विचारणा आली की ही सासू कोणत्या पदावर काम करते.

मग यंत्र आलं. ते लाकडी खोक्यातून आलं आणि त्याच्याबरोबर यंत्रसाहेब आले. पिळदार मिशांचे, पन्नाशीचे, आणि स्वतःच्या सावलीवरही पाय पडू नये अशा बेताने चालणारे. यंत्राला थंड खोली, जाड पडदा आणि बाहेर चपला काढायची पाटी मिळाली. आत्या एकदा बघायला गेल्या तेव्हा त्यांना तळवे पुसून आत यायला सांगण्यात आलं. पान आधी गोठवायचं, मग खलात कुटायचं, द्रावणात भिजवायचं, गाळायचं आणि करंगळीएवढ्या बाटलीत भरून यंत्राला द्यायचं. पाऊण तासाने पडद्यावर एक रेघ यायची. रेघेला डोंगर उभा राहिला तर पान कडू, सपाट राहिली तर फिकं.

आत्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे थुंकतं कुठं?”

यंत्रसाहेबांना तो प्रश्न आवडला नाही. पण खरं सांगायचं तर यंत्राच्या मागे एक नळी होती आणि ती एका डब्यात सोडलेली होती. तोही रंगाचाच डबा होता.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, एका सोमवारी, नवव्या ट्रेमधलं सतरावं रोप चाखताना आत्या थांबल्या. त्यांनी तीन आकडे मोजले असावेत, मग आणखी तीन. पाणी प्यायल्या, ब्रेड खाल्ला, पुन्हा तुकडा तोडला. लिहिणाऱ्यांनी ‘क’ लिहूनसुद्धा ठेवला होता.

“खोडा तो,” आत्या म्हणाल्या. “फिकं आहे.”

लिहिणाऱ्यांनी मान वर केली. अकरा वर्षांत त्यांनी हा शब्द कधी लिहिला नव्हता. आता लिहिताना ‘फिकं’मधला ‘फ’ पुढे तीन रकान्यांपर्यंत गेला. नेमक्या डॉक्टरबाई तीन दिवसांसाठी कसल्याशा बैठकीला गेल्या होत्या, आणि रोपाला बांधायच्या चिठ्ठ्या संपल्या होत्या. वहीत आकडा आहे तर काळजी कशाची, असं म्हणून दोघं जेवायला गेले.

लिहिणारे आधी परत आले. नववा ट्रे भिंतीकडच्या फळीवर होता, तिथे ऊन एकाच बाजूने यायचं. पन्नासच्या पन्नास रोपं काचेकडे माना वाकवून उभी होती, उशिरा आलेल्या मुलांसारखी. लिहिणाऱ्यांना वाकलेलं रोप बघवत नसे. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ट्रे हलकेच उलट बाजूला फिरवला, म्हणजे आता दुसऱ्या अंगाने ऊन खाऊन सरळ होतील. अशी रोपं त्यांनी पूर्वीही कितीदा फिरवली होती. सगळीच कडू असल्यावर कोणतं कुठे गेलं याने काय फरक पडणार होता? मग ते पेन्सिलीला टोक करत बसले.

गुरुवारी डॉक्टरबाई बैठकीची पिशवी खांद्यालाच ठेवून धावत काचघरात आल्या. त्यांनी दाराकडून मोजलं, पंधरा, सोळा, सतरा, आणि त्या रोपाला लाल दोरा बांधला. आता या ट्रेला कुणी बोट लावायचं नाही, पाणीसुद्धा मी घालीन, असं त्यांनी जाहीर केलं. सगळे लोक येऊन त्या रोपाला बघून गेले. पहारेकऱ्याने तर दोन पावलं लांबूनच मान लववली. ते बिचारं साधंसुधं कडू रोप एवढ्या मानाने अगदी ताठ झालं होतं.

सोमवारी यंत्राची रेघ आली. डोंगर. आणि साधासुधा नाही, पडद्याच्या वर जाणारा.

यंत्रसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. डॉक्टरबाईंनी आत्यांना पुन्हा चाखायला लावलं. आत्या आत्मविश्वासाने आल्या, लाल दोऱ्याच्या रोपाचा तुकडा तोडला, चावला, आणि तीन आकडे पुरे व्हायच्या आत त्यांचा चेहरा उतरला.

“कडू आहे,” त्या म्हणाल्या. “जहर आहे.”

यंत्राने खोटं पाडलं असतं तर त्या भांडल्या असत्या. पण त्यांच्याच जिभेने त्यांच्याच जिभेला खोटं पाडलं, आणि त्यावर भांडायला समोर कुणी नव्हतं. डॉक्टरबाई समजुतीने म्हणाल्या की असं होतं, वय होतं, दमणूक होते. ते ऐकून आत्यांना जास्तच लागलं. डॉक्टरबाईंनी मग जड मनाने ठरवलं की आता चाखणं बंद करायचं, यंत्रावर भिस्त ठेवायची, आणि शुक्रवारी सगळे ट्रे खताच्या खड्ड्यात रिकामे करून नव्याने पेरायचं. आत्यांनी न सांगता आपलं खुरपं शोधून काढलं आणि बाहेर तण काढायला गेल्या. स्टूल रिकामं राहिलं. लिहिणारे समोर कोरं पान घेऊन दोन दिवस बसले. त्यांना बाहेरून खुरप्याचा आवाज यायचा, आणि मधे मधे आत्या तोंडातल्या तोंडात पुटपुटायच्या, “गेली. जीभ गेली.”

गुरुवारी सकाळी लिहिणाऱ्यांच्या घरी कुंडीवरून भांडण झालं. त्यांच्या बायकोने खिडकीत एक फुलझाड ठेवलं होतं आणि लिहिणारे ते रोज फिरवायचे.

“किती वेळा सांगू,” बायको म्हणाली. “मी कळी माझ्या बाजूला ठेवते आणि दुपारी बघावं तर ती शेजारणीकडं बघत असते. तुम्ही कुंडी फिरवता आणि मी कळी हरवली म्हणून शोधत बसते.”

लिहिणाऱ्यांच्या हातातला चहा हिंदकळला. चहा पुसायचं सोडून त्यांनी बोटाने टेबलावर पन्नास ठिपके काढले आणि उलटे मोजले. पहिलं पन्नासावं होतं. दुसरं एकोणपन्नासावं. सतरावं होतं चौतिसावं. त्यांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा चौतीसच आलं.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“सासू चौतिसाव्या जागी झोपलीय,” लिहिणारे म्हणाले आणि चप्पल घालून निघाले. बायकोला दोन दिवस वाटत राहिलं की तिच्या आईविषयी काही म्हणाले.

केंद्रात पोचेपर्यंत त्यांचा धीर खचला. चूक कबूल करायची म्हणजे बोलायचं आलं, तेही डॉक्टरबाईंच्या खोलीत जाऊन, तेही न विचारता. ते सकाळी दारापर्यंत गेले आणि परत आले. अकराला पुन्हा गेले, आतही गेले, आणि डॉक्टरबाईंनी “काय हो?” असं विचारताच त्यांनी पेन्सिलीला टोक करायचं यंत्र मागितलं. दुपारी तिसऱ्यांदा गेले आणि खोडरबर घेऊन आले. शेवटी त्यांनी आपल्या परीने एक धाडस केलं. वहीत शेवटी ‘शेरा’ म्हणून एक रकाना होता, तो अकरा वर्षं रिकामा होता. त्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘ट्रे मी फिरवला. आत्यांची जीभ बरोबर आहे.’ मग वही उघडी ठेवून, कुणीतरी वाचेल म्हणून ते संध्याकाळपर्यंत थांबले. वहीवर एक माशी बसली, तिने ते वाचलं असल्यास कळायला मार्ग नाही.

शुक्रवारी सकाळी टोपल्या आल्या. ट्रे उचलून टोपलीत उलटे करायचे आणि खड्ड्याकडे न्यायचे, असं काम सुरू झालं. पहिला ट्रे गेला. दुसरा, तिसरा. डॉक्टरबाई दाराशी उभ्या होत्या. यंत्रसाहेब आपल्या खोलीला या फळ्यांची जागा जोडता येईल का, हे पावलांनी मोजत होते. आत्याही आल्या होत्या, कोपऱ्यात, हातात खुरपं, मुद्दाम दुसरीकडे बघत. आठवा ट्रे गेला. नवव्याला हात लागला तेव्हा लिहिणारे स्वतःच्या नकळत उठले आणि ट्रेवर अक्षरशः ओणवे झाले.

“थांबवा,” ते म्हणाले. बसमध्ये जो शब्द त्यांना आयुष्यभर जमला नव्हता तो इथे निघाला, आणि इतक्या मोठ्याने की टोपलीवाल्याच्या हातून टोपली पडली. “चौतीस. दोरा चुकीच्या रोपाला आहे. मी ट्रे फिरवला होता. वाकली होती म्हणून.”

सगळं सांगून व्हायला त्यांना बराच वेळ लागला. ते मधूनच सुरुवात करायचे आणि सुरुवातीला येऊन संपवायचे. पण पन्नास, सतरा आणि चौतीस हे आकडे डॉक्टरबाईंना लगेच कळले आणि त्या मटकन आत्यांच्या स्टुलावर बसल्या. स्टूल डुगडुगलं.

“आत्या,” त्या म्हणाल्या, “चौतिसावं चाखा.”

आत्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते. मग हळूच त्यांनी कबूल केलं की आता जीभ जपायची तरी कुणासाठी, असं वाटून काल संध्याकाळी त्या नवऱ्याच्या दुकानात गेल्या होत्या. घड्याळाचं दार त्यांनी स्वतः उघडलं. दोघांनी मिळून बरणी संपवली. अकरा वर्षांचं एकदम. घड्याळजी आनंदाने रडले, मिरच्यांमुळे वेगळे रडले. आता सकाळपासून त्यांना साखर आणि माती एकच लागत होती.

यंत्रसाहेब लगेच म्हणाले की पान गोठवायला द्या, पाऊण तासात सांगतो. पण नेमकी वीज गेली होती. टोपल्यांच्या कामासाठी कुणीतरी मोठा दिवा लावला आणि सगळीच गेली.

आत्यांनी लिहिणाऱ्यांकडे पाहिलं. “तुम्ही चाखा.”

लिहिणाऱ्यांनी अकरा वर्षांत एकही पान तोंडात घातलं नव्हतं. त्यांना ते आत्यांच्या ताटातलं उचलल्यासारखं वाटायचं. आत्यांनी त्यांना मसुराएवढा तुकडा तोडून दिला, आधी लाल दोऱ्याच्या रोपाचा. लिहिणाऱ्यांनी चावला, आणि त्यांच्या चेहऱ्याचं जे झालं ते बघून टोपलीवाल्याने त्यांना धरलं. डोळे मिटले, कान मागे गेले, एक पाय आपोआप वर उचलला गेला. एवढं कडू काही जगात असू शकतं आणि आत्या ते रोज दोनशे वेळा चावतात, हे त्यांना त्या क्षणी कळलं. आकडा त्यांनीच लिहिलेला होता, पण कळलं तेव्हा.

पाणी. ब्रेड. मग चौतिसावं. लिहिणाऱ्यांनी मनात तीन मोजले. दहा मोजले. सगळं काचघर त्यांच्या जबड्याकडे बघत होतं.

“काहीच नाही,” ते म्हणाले. “नुसता पाला आहे.”

पुढे जे झालं ते शास्त्राला शोभणारं नव्हतं. डॉक्टरबाईंनी एक तुकडा तोडून खाल्ला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. यंत्रसाहेबांनी खात्री करायला म्हणून खाल्ला आणि “पुन्हा बघू” म्हणून आणखी एक खाल्ला. टोपलीवाल्याने खाल्ला. पहारेकरी आरडाओरडा ऐकून आला, त्याने कशाबद्दल आहे हे न विचारताच खाल्ला. अकरा वर्षांत मिळालेलं ते एकुलतं एक रोप, त्याला होती कशीबशी दोन बाळपानं आणि दोन खरी. बघता बघता त्यातलं दीड पान उरलं.

“अहो, सासूला खाऊन टाकाल,” आत्या कडाडल्या आणि खुरपं घेऊन ट्रेच्या पुढे उभ्या राहिल्या. त्या दिवशी आत्या नसत्या तर सासू लोकांच्या पोटात गेली असती आणि शास्त्र होतं तिथेच राहिलं असतं.

रोप वाचलं. वीज आल्यावर उरल्यासुरल्यातल्या टाचणीएवढ्या तुकड्याची रेघ काढली, ती सपाट आली, अगदी मोजपट्टीने ओढल्यासारखी. यंत्रसाहेब स्वतः ती कागदावर घेऊन आले आणि आत्यांच्या हातात दिली. “तुमचं आमचं एकच उत्तर,” ते म्हणाले. आत्यांनी कागद उलटासुलटा बघितला आणि घडी करून स्टुलाच्या आखूड पायाखाली घातला. यंत्रसाहेब त्यावर हसले. त्यांना हसताना लोकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मिशीखाली एक दात सोन्याचा होता.

लिहिणाऱ्यांना वाटत होतं की आता आत्या त्यांना फैलावर घेतील. पाच दिवस बाईने स्वतःला खोटं मानलं होतं, ते यांच्यामुळे. सगळे पांगल्यावर ते वही छातीशी धरून उभे राहिले.

“तुम्ही फिरवलात?” आत्यांनी विचारलं.

“हो.”

“वाकली होती म्हणून?”

“हो.”

आत्यांनी ट्रेकडे पाहिलं. “सरळ झाली मात्र,” त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

त्यानंतरचं काम लांबलं. चौतिसाव्या रोपाचा कडू रोपाशी संकर केला; मुलं सगळी कडू निघाली, नातवंडांत चारांतलं एक फिकं. ती नातवंडं आत्यांनी चाखली, हजारांनी, आणि प्रत्येक ट्रेच्या दाराकडच्या कोपऱ्यात आता लाल रंगाचा ठिपका होता. डॉक्टरबाईंनी कडू आणि फिक्या भावंडांची जनुकं शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिली, आणि तिसऱ्या वर्षी त्यांना ते दहावं जनुक सापडलं. त्याच्या लांबलचक मजकुरात एकच अक्षर चुकलेलं होतं. एका अक्षराने सासू झोपली, असं आत्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी लिहिणाऱ्यांकडे बघून म्हटलं की म्हणूनच पेन्सिलीला टोक असावं. दुकानात बरणी पुन्हा भरून घड्याळाच्या पोटात गेली, पण आता रविवारी त्याचं दार उघडं असायचं, आणि आत्या त्या दिवशी तिथे जायच्या.

एक बदल कायमचा झाला. ट्रेमधलं पन्नासावं रोप आत्या स्वतः चाखत नसत. तुकडा तोडून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवायच्या. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि लिहिणाऱ्यांनी विचारलं नाही. लिहिणाऱ्यांचा पाय दर वेळी वर उचलला जायचा. तो बघून आत्यांना बरं वाटत असावं. नक्की कोण सांगणार.

एका शनिवारी असंच झालं. घड्याळजींचे डोळे अधू झाले होते आणि ती दोघं लेकीच्या गावी राहायला जायची होती, हे लिहिणाऱ्यांना नंतरच्या सोमवारी रिकामं स्टूल पाहून पहारेकऱ्याकडून कळलं. शनिवारी तसं कुणीच काही बोललं नाही. ऊन तिरपं झालं होतं. ट्रे संपत आला होता. आत्यांनी शेवटच्या रोपाचा तुकडा तोडला आणि नेहमीसारखा पुढे सरकवला. लिहिणाऱ्यांनी चावला, तीन मोजले, एक पाय वर झाला.

“कडू,” ते म्हणाले.

“मग लिहा की,” आत्या म्हणाल्या.